हायड्रोजन फ्लोराइड: रेणूंमधली ओढ, अभिक्रिया आणि हाताळणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या पुस्तकात हायड्रोजन फ्लोराइड दोनदा भेटतो. एकदा हायड्रोजन बंधाचं उदाहरण म्हणून, आणि एकदा ‘सौम्य आम्ल’ म्हणून. दुसऱ्या भेटीतला शब्द फसवा आहे. रसायनशास्त्रात सौम्य म्हणजे पाण्यात पूर्ण विचरण न होणारं (सगळे रेणू आयनांत न फुटणारं), एवढंच. निरुपद्रवी नव्हे. खाली आधी रेणूंमधल्या बलांचे प्रश्न आहेत, मग अभिक्रियांचे, आणि शेवटी हाताळणीचे.

हायड्रोजन फ्लोराइड आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल एकच का?

नाही. हायड्रोजन फ्लोराइड (पुढे एचएफ) हे कोरडं, निर्जल संयुग. ते पाण्यात विरघळवलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल. प्रयोगशाळेत बहुधा ४० किंवा ४८-४९ टक्क्यांचं मिळतं, कारखान्यांना ७० टक्क्यांचंही. निर्जल एचएफ १९.५ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे मुंबईत तो जवळजवळ बाराही महिने वायू, आणि पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे द्रव असलेला एचएफ दुपारी उकळायला लागेल.

एचएफचा उत्कलनांक बाकीच्या भावंडांपेक्षा एवढा जास्त का?

आकडे शेजारी ठेवून बघा. हायड्रोजन क्लोराइड उणे ८५, ब्रोमाइड उणे ६७, आयोडाइड उणे ३५ अंश. क्लोराइडपासून आयोडाइडपर्यंत चढ सरळ आहे, कारण रेणूत इलेक्ट्रॉन वाढत जातात आणि त्याबरोबर लंडन बलं (इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीमुळे रेणूंमध्ये येणारी ओढ) वाढतात. हाच चढ उलट्या दिशेने वाढवला तर एचएफ उणे शंभराच्या आसपास उकळायला हवा होता. प्रत्यक्षात तो शंभराहून जास्त अंशांनी वर जाऊन बसतो.

कारण फ्लोरिन. पाउलिंगच्या मोजपट्टीवर त्याची विद्युतऋणता ३.९८, हायड्रोजनची २.२०. बंधातले इलेक्ट्रॉन फ्लोरिनकडे ओढले जातात आणि हायड्रोजनचं केंद्रक जवळजवळ उघडं पडतं. हायड्रोजनला आतल्या कवचाचं पांघरूण नसतं, त्यामुळे शेजारच्या रेणूतल्या फ्लोरिनचं एकाकी इलेक्ट्रॉन युग्म त्याच्या अगदी जवळ येऊ शकतं. हाच हायड्रोजन बंध. एचएफचं द्विध्रुव आघूर्ण १.८२ डिबाय आहे, हायड्रोजन क्लोराइडचं १.०८. पण केवळ ध्रुवीयतेवर बोट ठेवून थांबू नका. फ्लोरिनचा लहान आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. क्लोरिन विद्युतऋणतेत नायट्रोजनच्या जवळपास असूनही हायड्रोजन बंधात मागे पडतो, कारण त्याचं इलेक्ट्रॉन युग्म मोठ्या जागेत पसरलेलं असतं.

मग पाणी १०० अंशांना आणि एचएफ १९.५ लाच का? फ्लोरिन तर ऑक्सिजनपेक्षा वरचढ आहे.

इथे बंधाच्या बळाबरोबर बंधांची संख्याही मोजावी लागते. एचएफकडे देण्यासाठी हायड्रोजन एक, घेण्यासाठी इलेक्ट्रॉन युग्मं तीन. पाण्याकडे दोन आणि दोन, जमाखर्च बरोबर जुळलेला. त्यामुळे पाण्यात सरासरी रेणूमागे दोन बंध पडतात आणि त्रिमितीत जाळं विणलं जातं. एचएफमध्ये रेणूमागे एकच बंध, म्हणून नुसत्या साखळ्या. फ्लोरिनकडची उरलेली युग्मं रिकामी बसतात, कारण त्यांना द्यायला हायड्रोजनच शिल्लक नाही.

साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या नसल्यामुळे द्रव एचएफ पाण्यापेक्षा कितीतरी पातळ असतो. शून्य अंशाला पाण्याची श्यानता १.७९ मिलिपास्कल-सेकंद, एचएफची जेमतेम ०.२६. ‘हायड्रोजन बंध म्हणजे घट्ट द्रव’ हे समीकरण इथे चालत नाही.

पुस्तकात हायड्रोजन बंधाची ऊर्जा कुठे २९, कुठे १३ किलोजूल दिलेली असते. खरं काय?

दोन्ही खरे, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. दोनच रेणू एकमेकांना धरून असतील तर ते सुटे करायला मोलमागे सुमारे १२.७ किलोजूल लागतात. पाण्याच्या जोडीला १३.२, म्हणजे जवळपास तेवढेच. पण साखळी किंवा कडं लांब होत गेलं की प्रत्येक बंध शेजारच्याला बळ देतो. पहिल्या रेणूने हायड्रोजन दिला की त्याच्या फ्लोरिनवरचा ऋण भार वाढतो आणि तो पुढचा हायड्रोजन आणखी ओढून घेतो. सहा रेणूंच्या कड्यात दर बंधामागे ऊर्जा २८-२९ किलोजूलपर्यंत जाते.

घन एचएफ (उणे ८३.६ अंशांखाली) नागमोडी साखळ्यांचा असतो. त्यात एका फ्लोरिनपासून पुढच्या फ्लोरिनपर्यंतचं अंतर सुमारे २५० पिकोमीटर आणि वळणाचा कोन १२० अंशांच्या जवळपास. हायड्रोजन मात्र मधोमध नसतो. तो स्वतःच्या फ्लोरिनला ९५ पिकोमीटरवर चिकटून आणि शेजाऱ्यापासून १५५ वर असतो.

वायू झाल्यावर तरी रेणू सुटे होतात ना?

इथेच एचएफ सगळ्यांपेक्षा वेगळा पडतो. उकळताना त्याचे सगळे हायड्रोजन बंध तुटत नाहीत. खोलीच्या तापमानाच्या आसपास त्याच्या बाष्पात सहा-सहा रेणूंची कडी आणि छोट्या साखळ्या मोठ्या प्रमाणात असतात, म्हणून घनतेवरून काढलेला रेणुभार २० ऐवजी दुप्पट-तिप्पट येतो. वातावरणाच्या दाबाला ८०-९० अंशांपर्यंत तापवल्यावर बाष्प बहुतांशी एकेकट्या रेणूंचं होतं.

याचे दोन परिणाम ध्यानात ठेवण्याजोगे. पहिला परीक्षेपुरता: एचएफची बाष्पनाची उष्णता मोलमागे सुमारे साडेसात किलोजूल, म्हणजे हायड्रोजन क्लोराइडच्या (१६) निम्म्याहूनही कमी! हायड्रोजन बंध असून ही उष्णता कमी कशी, असं विचारलं की भले भले गडबडतात. उत्तर एवढंच: बंध तुटलेच नाहीत, तर ऊर्जा कशाला लागेल?

दुसरा परिणाम जिवाशी गाठ घालणारा आहे. रेणुभार २० म्हणजे हवेपेक्षा (२९) हलका, सबब गळती झाली तर वायू वर निघून जाईल, असा हिशेब कुणी केला तर तो चुकतो. गळालेलं बाष्प कड्यांचं असतं. ती कडी फुटताना उष्णता शोषतात, ढग थंड होतो, हवेतल्या ओलाव्याशी मिळून बारीक थेंबांचं धुकं बनतं आणि ते जमिनीलगत सरपटतं. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात १९८६ साली मुद्दाम गळती घडवून चाचण्या झाल्या, तेव्हा हेच दिसलं. दक्षिण कोरियातल्या गुमी इथे सप्टेंबर २०१२मध्ये सुमारे ८ टन एचएफ गळून पाच जण दगावले, आणि आसपासची पिकं व गुरं त्या ढगाखाली सापडली.

एचएफ सौम्य आम्ल का? फ्लोरिन तर सर्वांत विद्युतऋण.

विद्युतऋणतेवरून आम्लाचं बळ ठरवण्याची सवय इथे सोडावी लागते. हायड्रोजन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे ५६८ किलोजूल लागतात. क्लोरिनसाठी ४३१, ब्रोमिनसाठी ३६६, आयोडिनसाठी २९८. फ्लोराइड आयनाभोवती पाणी जमलं की भरपूर ऊर्जा मिळते हे खरं, पण त्या लहानग्या आयनाभोवती पाण्याचे रेणू इतके शिस्तीत बांधले जातात की एन्ट्रॉपीत (अव्यवस्थेच्या मापात) तोटा होतो. शिवाय सुटलेला फ्लोराइड हायड्रोनियमला (प्रोटॉन घेतलेल्या पाण्याच्या रेणूला) हायड्रोजन बंधाने धरूनच राहतो. ती जोडी मोकळी फिरत नाही.

विचरण स्थिरांक ६.८ गुणिले १० चा उणे ४ वा घात, पीकेए (याच स्थिरांकाचा उणे लॉगरिदम) ३.१७. ०.१ मोलर द्रावणात शंभरातले सुमारे ८ रेणू विचरित होतात आणि पीएच २.१ येतो. तितक्याच हायड्रोक्लोरिकचा पीएच १. द्रावण शंभरपट विरल करून ०.००१ मोलरवर आणलं तर निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, विचरण होतं. अशा गणितात ‘विचरण नगण्य’ धरून वर्गमूळ काढलं की उत्तर चुकतं. वर्गसमीकरण सोडवावंच लागतं.

संहत केल्यावर तो तीव्र होतो, हे खरं का?

हो, आणि कारण पुन्हा हायड्रोजन बंधच. संहत द्रावणात फ्लोराइड आयन दुसऱ्या एचएफ रेणूला धरतो आणि बायफ्लोराइड आयन तयार होतो. फ्लोराइड असा अडकला की समतोल पुढे सरकतो आणि आणखी हायड्रोनियम सुटतात. बायफ्लोराइडमधला बंध आजवर माहीत असलेल्या सर्वांत बळकट हायड्रोजन बंधांपैकी, मोलमागे १६० किलोजूलच्या घरातला. इथे हायड्रोजन बरोब्बर मधोमध असतो, दोन्ही फ्लोरिनपासून सुमारे ११४ पिकोमीटरवर. घन एचएफमधल्या ९५ आणि १५५ शी तुलना करा म्हणजे फरक कळेल.

पोटॅशियम बायफ्लोराइड, अमोनियम बायफ्लोराइड हे क्षार यामुळेच मिळतात. ‘पोटॅशियम हायड्रोजन क्लोराइड’ नावाची बाटली दुकानात दिसत नाही ती याचसाठी.

निर्जल द्रव एचएफमध्ये काय विरघळतं?

शून्य अंशाला त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (आयनांमधली ओढ द्रव किती कमी करतो त्याचं माप) ८४ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या पंगतीत बसणारा. सोडियम आणि पोटॅशियमचे फ्लोराइड त्यात छान विरघळतात. गंमत अशी, की पाण्यात आम्ल म्हणून वावरणारे तिथे आम्लारी होतात. नायट्रिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल एचएफकडून प्रोटॉन घेतात. त्यात अँटिमनी पेंटाफ्लोराइड मिसळलं की फ्लोराइड त्याच्याकडे अडकतो, मोकाट प्रोटॉन उरतो आणि महाआम्ल (शुद्ध गंधकाम्लाहूनही तीव्र आम्ल) तयार होतं. पाण्यात सौम्य ठरलेल्या आम्लाचं हे दुसरं रूप.

काच का विरघळते?

काचेतला सिलिकॉन ऑक्सिजनला घट्ट धरून असतो. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक किंवा गंधकाम्ल त्याला हलवू शकत नाही. पण सिलिकॉन-फ्लोरिन बंध सिलिकॉन-ऑक्सिजनपेक्षाही बळकट आहे. शिवाय एचएफ एकाच वेळी दोन कामं करतो: हायड्रोजन ऑक्सिजनला धरतो आणि फ्लोरिन सिलिकॉनला. एक रेणू सिलिकाला चार रेणू एचएफ लागले तर सिलिकॉन टेट्राफ्लोराइड वायू आणि पाणी मिळतं. द्रावणात एचएफ मुबलक असला तर सहा रेणू लागतात आणि हेक्झाफ्लोरोसिलिसिक आम्ल बनतं. वजनात सांगायचं तर ६० ग्रॅम सिलिका ८० ते १२० ग्रॅम एचएफ खाते.

स्वीडनच्या कार्ल शील यांनी १७७१मध्ये फ्लोरस्पार या खनिजावर आम्लाची क्रिया केली तेव्हा त्यांचं काचेचं भांडंच झिजलं होतं.

चिप बनवताना नुसतं एचएफ न वापरता ‘बफर’ केलेलं का वापरतात?

नेहमीचं मिश्रण असं: ४० टक्के अमोनियम फ्लोराइडचे सहा भाग आणि ४९ टक्के एचएफचा एक भाग, आकारमानाने. खोलीच्या तापमानाला हे औष्णिक (सिलिकॉन तापवून वाढवलेलं) सिलिकॉन डायऑक्साइड मिनिटाला सुमारे १०० नॅनोमीटर खातं. नुसतं एचएफ वापरलं तर जसजसं ते खर्ची पडतं तसा वेग घसरतो, आणि वरचा प्रकाशसंवेदी लेपही सुटायला लागतो. अमोनियम फ्लोराइड असल्याने फ्लोराइडचा साठा भरत राहतो आणि पीएच जागेवर राहतो. कोरण्याचं खरं काम बायफ्लोराइड जास्त वेगाने करतं, आणि तेही इथे भरपूर असतं.

काम संपलं हे ओळखायची खूण साधी. ऑक्साइड असेपर्यंत सिलिकॉनच्या चकतीवर पाणी पसरतं. तो संपला की उघड्या सिलिकॉनवर हायड्रोजनचा थर बसतो, पाणी घरंगळून जातं आणि चकती जवळजवळ कोरडी बाहेर येते. खालच्या सिलिकॉनला एचएफ एकटा फारसा खात नाही. त्यात नायट्रिक आम्ल मिसळलं तर मात्र खातो, कारण नायट्रिक आधी ऑक्साइड करतं आणि एचएफ तो धुऊन काढतो.

एचएफ तयार कसा होतो?

फ्लोरस्पार (कॅल्शियम फ्लोराइड) आणि संहत गंधकाम्ल फिरत्या भट्टीत २०० ते ३०० अंशांना तापवून. हिशेब: ७८ किलो फ्लोरस्पार आणि ९८ किलो आम्लापासून ४० किलो एचएफ आणि १३६ किलो कॅल्शियम सल्फेट. एक टन एचएफमागे जवळपास साडेतीन टन जिप्समसारखा गाळ उरतो, आणि त्याची विल्हेवाट हा या धंद्यातला कायमचा ताप.

खनिज किमान ९७ टक्के शुद्ध लागतं. बिघडवणारी पहिली गोष्ट सिलिका: तिचा प्रत्येक किलो दोन किलो एचएफ गिळतो. चुनखडी असली तर कार्बन डायऑक्साइडने फेस येतो. सल्फाइड असली तर हायड्रोजन सल्फाइड आणि पुढे गंधक नळ्यांत बसतं. पाणी शिरलं तर गंज. भारतात फ्लोरस्पार गुजरातेत आंबाडुंगर इथे आणि थोडं महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला आढळतं.

ही क्रिया शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत, ‘थोड्या प्रमाणात’ म्हणूनही, करायची नाही.

हायड्रोक्लोरिकपासून क्लोरिन काढतात, तसा मँगनीज डायऑक्साइड वापरून फ्लोरिन का निघत नाही?

फ्लोरिनचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या क्षमतेचं माप) अधिक २.८७ व्होल्ट. पोटॅशियम परमँगनेटसह नेहमीचं कुठलंही ऑक्सिडीकारक फ्लोराइडकडून इलेक्ट्रॉन हिसकावू शकत नाही. म्हणून वीज वापरावी लागली. निर्जल एचएफ स्वतः वीज जवळजवळ वाहत नाही. आंरी म्वासाँ यांनी त्यात पोटॅशियम बायफ्लोराइड विरघळवलं आणि २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये फ्लोरिन वेगळा केला. त्यासाठी १९०६चं नोबेल मिळालं. निव्वळ रासायनिक मार्गाने फ्लोरिन काढणं कार्ल क्रिस्ते यांना बरोबर शंभर वर्षांनी, १९८६मध्ये साधलं.

सिल्व्हर नायट्रेटने फ्लोराइड ओळखता येतो का?

नाही. सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळतं. अवक्षेप हवा तर कॅल्शियम क्लोराइड घाला. क्लोराइडच्या बाबतीत याच्या नेमकं उलट.

एवढं खाणारं रसायन पोलादी टाकीत कसं राहतं?

निर्जल किंवा ७० टक्क्यांहून संहत एचएफ पोलादावर लोह फ्लोराइडचा पातळ थर चढवतो आणि तोच थर पोलाद राखतो. विरल आम्लात तो थर टिकत नाही, मग पोलाद झपाट्याने खाल्लं जातं. म्हणजे इथे विरल करणं अधिक धोक्याचं. टाकीत पाणी शिरणं, नळीतला वेग जास्त असणं, तापमान ६५ अंशांच्या वर जाणं, या तिन्हींनी थर सुटतो.

आणखी एक सावकाश घडणारी गोष्ट: थर बनताना हायड्रोजन सुटतो. वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेले छोटे सिलिंडर याच दाबाने फुटल्याच्या नोंदी आहेत. जुना सिलिंडर दिसला तर झडप उघडून बघू नका, पुरवठादाराला बोलवा.

सेंद्रिय रसायनात उपयोग काय?

सर्वांत मोठा म्हणजे क्लोरिनच्या जागी फ्लोरिन बसवणे. क्लोरोफॉर्म आणि दोन रेणू एचएफ, अँटिमनीच्या उत्प्रेरकावर, यांपासून आर-२२ शीतद्रव्य मिळतं. तेच पुढे तापवून टेफ्लॉनचा कच्चा माल बनतो. तेलशुद्धीकरणात आयसोब्युटेन आणि ब्युटीन जोडून उच्च ऑक्टेनचं पेट्रोल करताना एचएफ उत्प्रेरक असतो. प्रयोगशाळेत पिरिडीनबरोबर ७० टक्के एचएफ वापरतात. पिरिडीनने धरून ठेवल्यामुळे ते सहज उडून जात नाही.

कुठली भांडी चालतात?

पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, टेफ्लॉन. धातूंत मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) आणि प्लॅटिनम. काच, क्वार्ट्झ, चिनी माती, काँक्रीट आणि टायटॅनियम अजिबात नाही. काचतंतू घातलेल्या प्लास्टिकमधला काचतंतूच खाल्ला जातो, ते वरून दिसत नाही. पीएच मीटरचा नेहमीचा इलेक्ट्रोड काचेचा असतो. आम्लधर्मी फ्लोराइड द्रावणात तो बुडवला तर वाचन भरकटत जातं आणि इलेक्ट्रोड निकामी होतो. पीएच पट्टी वापरा किंवा एचएफसाठीचा खास इलेक्ट्रोड.

विरल करताना नेहमी आम्ल पाण्यात सोडायचं. निर्जल एचएफवर पाणी पडलं तर ते उसळतं.

कातडीवर पडलं तर?

लगेच, वेदना नसली तरी, वाहत्या पाण्याखाली धरा आणि धुता धुताच कपडे, घड्याळ, अंगठी काढा. कॅल्शियम ग्लुकोनेटचं २.५ टक्क्यांचं जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुऊन, हातमोजे घालून, ते चोळत राहा. नसेल तर धुणं निदान १५ मिनिटं चालू ठेवा. मग लगेच रुग्णालयात जा आणि ‘एचएफ’ हा शब्द उच्चारा, कारण साध्या आम्लाच्या भाजण्याचे उपचार इथे पुरत नाहीत. डोळ्यांत गेलं तर फक्त पाण्याने धुवा, जेल घालू नका.

घाई का, याचं उत्तर त्या ‘सौम्य’ शब्दात आहे. तीव्र आम्लाचे आयन कातडीच्या वरच्या थरातच अडकतात. एचएफ मात्र बहुतांशी भाररहित रेणू म्हणून असतो, म्हणून तो आत झिरपतो आणि तिथे गेल्यावर फ्लोराइड सोडतो. फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून टाकतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. ५० टक्क्यांहून संहत असेल तर आग लगेच होते. २० ते ५० टक्क्यांना १ ते ८ तास लागतात. २० टक्क्यांखाली २४ तासांपर्यंत काहीच जाणवत नाही, आणि तोवर आतलं काम होऊन गेलेलं असतं. गंज किंवा डाग काढायच्या काही द्रवांत अमोनियम बायफ्लोराइड असतं, त्यालाही हेच लागू.

उरलेलं आम्ल कॉस्टिक सोड्याने मारून गटारात सोडलं तर चालेल?

पीएच सात येईल, पण फ्लोराइड तिथेच राहील. सोडियम फ्लोराइड विरघळणारं आणि विषारी आहे. फ्लोराइड बांधायला कॅल्शियम लागतं. किलोभर एचएफला हिशेबाने १.८५ किलो विझवलेला चुना, प्रत्यक्षात थोडा जास्त, कारण चुन्याच्या कणांवर कॅल्शियम फ्लोराइडचं कवच बसतं आणि आतला चुना वाया जातो. म्हणून सावकाश घालून ढवळत राहावं लागतं. बरोबर थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलं तर कॅल्शियम भरपूर राहतं.

तरीही एक मर्यादा आहे. कॅल्शियम फ्लोराइड स्वतः लिटरमागे १६ मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यात राहतोच. गाळ नीट बसला नाही तर १० ते २०. भारतात नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. त्यामुळे चुन्यानंतर तुरटी किंवा सक्रिय ॲल्युमिनाचा दुसरा टप्पा लागतो.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींतला फ्लोराइड म्हणजे हेच का?

फ्लोराइड आयन तोच, एचएफ नाही. खडकातल्या फ्लोराइडयुक्त खनिजांतून तो पाण्यात उतरतो. त्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास किंवा वर असतो. पीएच ७ ला दर साडेसहा-सात हजार फ्लोराइड आयनांमागे एखादाच एचएफ रेणू सापडेल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पाणी उकळून तो जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं.